जुन्या ट्रॅक्टरची थरथर : क्लचच्या दोषाचे निदान व उपाय

मृगाचा पाऊस पडून जमिनीस वाफसा आला की पेरणीसाठी शेतकऱ्याच्या हाती मोजकेच दिवस असतात. या दिवसांत ट्रॅक्टर बंद पडला तर होणारी हानी केवळ दुरुस्तीच्या खर्चाएवढी नसते. सुटा भाग पैसे देऊन आणता येतो. हुकलेला वाफसा पैसे देऊन परत मिळत नाही. ज्या गावी एकाच भाड्याच्या ट्रॅक्टरवर अनेक कुटुंबांची पेरणी अवलंबून असते, तेथे तर एका यंत्राचा बिघाड साऱ्या शिवारास भोवतो.

सुदैवाने यंत्रातील मोठे बिघाड बहुधा अकस्मात होत नाहीत. ते आगाऊ सूचना देत असतात. बरीच वर्षे वापरलेल्या ट्रॅक्टरमध्ये नेहमी आढळणारी अशी एक सूचना म्हणजे निघताना होणारी थरथर. गिअर टाकून क्लचचे पेडल हळूहळू सोडू लागताच ट्रॅक्टर सरळ पुढे न सरकता हिसके देत हादरतो, चालकाच्या पायास व कमरेस ते हादरे जाणवतात, आणि पेडल पूर्ण सुटल्यावर ते थांबतात. काही शेतकरी या थरथरीची सवय करून घेतात व हंगामाच्या ऐन मध्यावर अडचणीत येतात. दुसरे काही जण लगोलग ट्रॅक्टर उघडवून नवी क्लच प्लेट बसवून घेतात. हे दोन्ही मार्ग सदोष आहेत. थरथर हे लक्षण आहे, रोग नव्हे. रोग कोणता हे निश्चित केल्यावाचून केलेला उपचार पुष्कळदा दुप्पट खर्चाचा ठरतो.

ट्रॅक्टर उघडण्यापूर्वी अर्ध्या दिवसात आणि जवळजवळ कोणत्याही खर्चावाचून करता येण्याजोग्या परीक्षांची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे.

थरथर का होते?

इंजिनाच्या मागील बाजूस फ्लायव्हील नावाचे जड चाक असते व ते इंजिनाबरोबर सतत फिरते. त्याला लागून क्लच प्लेट असते; तिच्या दोन्ही बाजूंस घर्षण करणारे अस्तर रिव्हेटने बसविलेले असते. प्लेटच्या मागे प्रेशर प्लेट असून तिच्यातील जोरकस स्प्रिंगा क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरतात. पेडल दाबले म्हणजे रिलीज बेअरिंग पुढे सरकते, प्रेशर प्लेटच्या बोटांवर दाब देते, स्प्रिंगांची पकड सुटते व इंजिनाची गती गिअर बॉक्सकडे जाणे थांबते. पेडल सोडले म्हणजे पकड पुन्हा बसते.

पकड बसत असताना क्षणभर क्लच प्लेट फ्लायव्हीलवर घसरते. ही घसरण एकसारखी असेल तर ट्रॅक्टर लोण्यासारखा हलका निघतो. परंतु अस्तरास तेल लागले असेल, ते चकचकीत झाले असेल, किंवा दाब सर्व बाजूंनी सारखा पडत नसेल, तर प्लेट एकदा पकडते, लगेच सुटते व पुन्हा पकडते. ही क्रिया एका सेकंदात अनेक वेळा घडते व तीच थरथरीच्या रूपाने जाणवते. शाळेच्या फळ्यावर खडू उभा धरून ओढला असता सलग रेषेऐवजी ठिपके उमटतात व कर्कश आवाज येतो. तेथे खडू पकडतो व सुटतो. क्लचमध्येही नेमके तेच घडते.

प्रथम थरथरीचे स्थान ओळखावे

प्रत्येक थरथर क्लचची नसते. म्हणून ती केव्हा येते हे सर्वांआधी पाहावे.

ट्रॅक्टर उभा असताना, गिअर न्यूट्रलमध्ये असतानाही थरथर होत असेल, तर दोष इंजिनाकडे आहे असे समजावे. एखादा इंजेक्टर नीट काम करीत नसल्यास किंवा डिझेलच्या नळीत हवा शिरल्यास असे होते. रस्त्यावर वेगाने जातानाच थरथर येत असेल व वेगाबरोबर ती कमीजास्त होत असेल, तर टायर, चाकांचे नट व पुढचा आस तपासावा. रोटाव्हेटर किंवा मळणीयंत्र जोडल्यावरच हादरे बसत असतील, तर पी.टी.ओ. शाफ्टचे सांधे व त्याचा कोन पाहावा.

पेडल अर्धवट सुटलेल्या स्थितीत येणारी व पेडल पूर्ण सुटल्यावर जाणारी थरथर मात्र क्लचची असण्याचा संभव सर्वांत अधिक. पुढील परीक्षा अशा थरथरीसाठी आहेत. सोप्या व बिनखर्चाच्या परीक्षा प्रथम व कष्टाच्या नंतर असा त्यांचा क्रम आहे. तो मोडू नये.

पहिली परीक्षा : पेडलची मोकळी चाल

इंजिन बंद करून क्लचचे पेडल हाताने दाबावे. आरंभी ते हलकेच खाली जाते व पुढे एकाएकी जड लागते. हलके जाण्याचे हे अंतर म्हणजे पेडलची मोकळी चाल होय. मिस्त्री मंडळी तिला फ्री प्ले म्हणतात. पेडलशेजारी पट्टी उभी धरून ती मोजावी. पुष्कळ ट्रॅक्टरांत ती २० ते ३० मिलिमीटरच्या आसपास ठेवतात. तथापि आपल्या ट्रॅक्टरच्या माहितीपुस्तिकेत दिलेला आकडाच प्रमाण मानावा.

मोकळी चाल मुळीच नसेल तर रिलीज बेअरिंग सतत बोटांवर टेकून राहते, स्प्रिंगांचा पूर्ण दाब प्लेटवर पडत नाही, प्लेट घसरते व तापून जळते. चाल प्रमाणाबाहेर असेल तर पेडल पूर्ण दाबूनही क्लच सुटत नाही व गिअर टाकताना करकर असा आवाज होतो. क्लच प्लेटचे अस्तर झिजते तसतशी ही मोकळी चाल कमी होत जाते. म्हणून ती ठरावीक दिवसांनी मोजणाऱ्या शेतकऱ्यास ट्रॅक्टर न उघडताही आतील झिजेचा अंदाज येतो.

याच वेळी पेडलचा आडवा शाफ्ट व जोडदांडे पाहावेत. ग्रीसच्या अभावी ते कोरडे पडले असतील तर पेडल सरळ वर न येता अडखळत येते, आणि केवळ एवढ्यानेही थरथर होते. जोडदांड्यांतील पिना झिजून सैल झाल्या असल्यास त्या बदलाव्यात.

दुसरी परीक्षा : बोल्टांची घट्टता

मोटारगाडीत इंजिन रबरी आधारांवर बसविलेले असते. बहुतेक ट्रॅक्टरांत तसे नसते. तेथे इंजिन, क्लच हाउसिंग व गिअर बॉक्स हे एकमेकांस बोल्टने जोडलेले असून तेच ट्रॅक्टरचा कणा असतात. हे बोल्ट, तसेच पुढच्या आसाच्या आधाराचे बोल्ट सैल झाले असतील तर निघताना पडणाऱ्या ताणाने सांधा हलतो व थरथर वाढते. सर्व बोल्ट योग्य मापाच्या पान्याने तपासावेत. सांध्याच्या कडेस गंज मिसळलेली तांबूस भुकटी दिसल्यास तेथे हालचाल होत आहे असे समजावे.

तिसरी परीक्षा : हाउसिंगखालचे छिद्र

क्लच हाउसिंगच्या तळाशी पुष्कळ ट्रॅक्टरांत एक लहान छिद्र असते व त्यात कॉटर पिन अडकविलेली असते. आत गळलेले तेल बाहेर पडावे हा तिचा हेतू. चिखल व धूळ यांनी हे छिद्र बुजून गेलेले असते, त्यामुळे आतील गळतीचा पत्ता लागत नाही. इंजिन बंद करून, ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून व चाकांस उटी लावून हे छिद्र साफ करावे. त्याखाली पांढरा कागद किंवा पत्र्याचे स्वच्छ झाकण ठेवून रात्रभर जाऊ द्यावी.

सकाळी कागदावर काळे, पातळ तेल आढळले तर क्रँकशाफ्टचे मागचे ऑइल सील गळत आहे असा संशय घ्यावा. कारण डिझेल इंजिनातील तेल थोड्याच तासांच्या वापरात काळे पडते. तेल दाट, मधासारख्या रंगाचे व उग्र वासाचे असेल तर ते गिअर बॉक्सकडून येत आहे व तेथील शाफ्टचे सील तपासले पाहिजे. कागद कोरडा राहिला तर तेलाचा दोष असण्याचा संभव कमी. एका कागदाने मिळणारे हे उत्तर पुढील सर्व खर्चाची दिशा ठरविते.

चौथी परीक्षा : चालवून पाहणे

अवजार काढून ट्रॅक्टर सपाट व मोकळ्या जागेत न्यावा. खालच्या गिअरमध्ये इंजिन मंद गतीवर ठेवून पेडल सावकाश सोडावे. ही क्रिया सकाळी थंड इंजिनावर व पुन्हा तासभर काम केल्यानंतर करावी आणि दोन्ही वेळचा अनुभव वहीत लिहून ठेवावा.

केवळ सकाळी, विशेषतः पावसाळ्यात ट्रॅक्टर काही दिवस उभा राहिल्यानंतर थरथर येत असेल व चारसहा वेळा निघाल्यावर जात असेल, तर फ्लायव्हीलवर चढलेला ओलावा वा हलका गंज हे कारण असू शकते. त्यासाठी ट्रॅक्टर उघडण्याची घाई करू नये. तापल्यावर थरथर वाढत असेल, तर फ्लायव्हील किंवा प्रेशर प्लेट उष्णतेने वाकडी झाली असण्याचा संभव असतो. थंड व गरम दोन्ही स्थितींत ती सारखीच राहत असेल, तर तेल लागलेले अस्तर, कमजोर स्प्रिंगा किंवा असमान उंचीची बोटे यांकडे लक्ष द्यावे.

पाचवी परीक्षा : घसरण

ही परीक्षा जाणत्या चालकानेच करावी. ट्रॅक्टरसमोर व मागे कोणीही उभे राहू नये. दोन्ही ब्रेक पेडल एकमेकांस अडकवून ब्रेक पक्के लावावेत, वरचा गिअर टाकावा, इंजिन मध्यम गतीवर ठेवावे व पेडल हळूहळू पूर्ण सोडावे. क्लच सुस्थितीत असेल तर इंजिन दबून तत्काळ बंद पडते. इंजिन फिरतच राहिले तर क्लच घसरत आहे हे निश्चित झाले. अशा वेळी लगेच पेडल दाबून इंजिन बंद करावे. ही परीक्षा एकदाच करावी. वारंवार केल्यास परीक्षेनेच प्लेट जळेल.

दुहेरी क्लच असल्यास

अनेक ट्रॅक्टरांत दुहेरी क्लच असतो. पेडल अर्ध्यापर्यंत दाबले की चाकांची गती थांबते व पूर्ण दाबले की पी.टी.ओ. थांबतो. या प्रकारात दोन प्लेटा असतात, म्हणून थरथर कोणत्या टप्प्यात येते हे पाहावे. चाके निघताना येत असेल तर मुख्य प्लेट, आणि पी.टी.ओ. फिरू लागताना येत असेल तर दुसरी प्लेट संशयास्पद ठरते. पी.टी.ओ.ची परीक्षा अवजार न जोडता, शाफ्टवरील संरक्षक झाकण जागेवर असताना व सैल कपडे आवरून करावी.

एक प्रसंग

निदानावाचून केलेल्या दुरुस्तीचा परिणाम काय होतो हे पाहण्यासाठी एक प्रसंग कल्पावा. जिरायत गावातील दोघा भावांचा एक जुना ट्रॅक्टर आहे. घरची शेती करून ते भाड्याने नांगरटही करतात. चैत्रात ट्रॅक्टर थरथरू लागला. थोरल्याने तालुक्याच्या गावी जाऊन नवी क्लच प्लेट आणली व मिस्त्रीकडून बसवून घेतली. दोन आठवडे ट्रॅक्टर उत्तम चालला. पुढे थरथर पुन्हा सुरू झाली. प्लेट हलकी निघाली म्हणून थोरल्याने दुकानदारास दोष दिला, दुकानदाराने मिस्त्रीस दिला. धाकट्याने हाउसिंगखालचे छिद्र तारेने मोकळे केले तेव्हा त्यातून काळे तेल ठिबकू लागले. दोष प्लेटचा नव्हता व मिस्त्रीच्या हाताचाही नव्हता. क्रँकशाफ्टचे सील गळत होते आणि नवी प्लेट पहिल्या दिवसापासून तेलात भिजत होती.

ट्रॅक्टर दुसऱ्यांदा उघडला तेव्हा मृग लागले होते. मिस्त्रीकडे आधीच चार ट्रॅक्टर रांगेत होते. वाफसा आला आणि गेला. भावांना शेजाऱ्याची बैलजोडी मागून निम्म्याच रानात वेळेवर पेरा करता आला. ज्या सीलमुळे हे घडले त्याची किंमत प्लेटच्या मानाने अल्प असते, आणि ट्रॅक्टर उघडलेला असताना ते बदलण्यास फारसे निराळे श्रमही पडत नाहीत.

ट्रॅक्टर उघडल्यानंतर

वरील परीक्षांनंतर ट्रॅक्टर उघडणे आवश्यक ठरले तर ते काम अनुभवी मिस्त्रीकडूनच करवून घ्यावे. इंजिन व गिअर बॉक्स वेगळे करताना दोन्ही भागांस भक्कम आधार लागतो. पुढचा आस मध्यावरील खिळीवर डोलत असल्याने इंजिनाचा भाग एका बाजूस कलंडण्याचा धोका असतो. म्हणून आस व त्याचा आधार यांच्यामध्ये दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी ठोकाव्यात. हे काम पक्क्या व सपाट जमिनीवर करावे. झाडाखालच्या भुसभुशीत मातीत किंवा विटांच्या थरांवर आधार देऊन ते कदापि करू नये.

जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असू शकते व त्याची धूळ फुप्फुसांस घातक असते. म्हणून हाउसिंगमधील धूळ हवेच्या दाबाने उडवू नये व झाडूनही काढू नये; नाकातोंडावर योग्य मास्क लावून ती ओल्या फडक्याने पुसावी व फडके बंद पिशवीत घालून दूर करावे.

आतील भाग पुढीलप्रमाणे पाहावेत.

१. क्लच प्लेट : अस्तर रिव्हेटच्या डोक्यापर्यंत झिजले असल्यास, तडकले असल्यास किंवा तेलाने भिजले असल्यास प्लेट बदलावी. भिजलेले अस्तर डिझेलने वा रॉकेलने धुऊन पुन्हा बसविण्याची पद्धत चुकीची आहे. तेल अस्तरात मुरलेले असते व तापल्यावर ते पुन्हा वर येते. मधल्या भागातील स्प्रिंगा सैल किंवा तुटलेल्या असल्यासही प्लेट निकामी समजावी.

२. फ्लायव्हील व प्रेशर प्लेट : पृष्ठभागावर निळसर डाग, बारीक चिरा किंवा खाचा आहेत काय ते पाहावे. सरळ पट्टी आडवी ठेवून खाली उजेड दिसतो काय ते पाहावे. किरकोळ दोष लेथवर मर्यादेत काढता येतात. खोल चिरा असल्यास भाग बदलावा. खराब पृष्ठभागावर नवी प्लेट बसविल्यास थरथर तशीच राहते.

३. बोटे : सर्व बोटांची उंची सारखी असावी. एक बोट जरी वरखाली असले तरी दाब तिरका पडतो.

४. सील व बेअरिंग : दोन्ही बाजूंची सीले, रिलीज बेअरिंग व फ्लायव्हीलच्या मध्यातील लहान बेअरिंग तपासावे. गळतीची थोडीही खूण असल्यास सील त्याच वेळी बदलावे.

५. जुळणी : प्लेट मध्यावर आणण्यासाठी योग्य मापाचा शाफ्ट वापरावा. शाफ्टच्या दातांवर ग्रीसचा अगदी पातळ हात द्यावा. अधिक लावलेले ग्रीस उडून अस्तरावर जाते. शेवटी पेडलची मोकळी चाल नव्याने जुळवावी.

चालकाच्या सवयी

क्लचचे आयुष्य कारखान्याइतकेच चालकाच्या पायावर अवलंबून असते. काम करताना पेडलवर पाय टेकवून ठेवणे ही सर्वांत घातक सवय होय. चढावर ब्रेकऐवजी अर्धा क्लच दाबून ट्रॅक्टर धरून ठेवणे, उसाने भरलेली ट्रॉली वरच्या गिअरमध्ये उचलणे व इंजिन वाढवून पेडल एकदम सोडणे यांनीही प्लेट अल्पावधीत तापते. वाकलेले पृष्ठभाग व चकचकीत झालेली अस्तरे ही पुष्कळदा अशा सवयींचीच फळे असतात.

कोकणात व इतर भातपट्ट्यांत चिखलणीच्या वेळी हाउसिंगमध्ये पाणी शिरण्याची भीती असते. ज्या ट्रॅक्टरांत तळच्या छिद्रास बुच बसविण्याची सोय आहे, तेथे चिखलणीपूर्वी ते बसवावे व काम संपताच आठवणीने काढावे. बुच तसेच राहिले तर आत साचलेले पाणी व तेल अस्तरावर उडते.

सारांश

निघताना थरथर, कागद कोरडा, पेडल अडखळते : शाफ्टला ग्रीस द्यावे व जोडदांडे तपासावेत.
मोकळी चाल नाही, ट्रॅक्टर घसरतो : चाल जुळवावी, तरीही घसरल्यास प्लेट पाहावी.
कागदावर काळे तेल : क्रँकशाफ्टचे सील व प्लेट दोन्ही बदलावीत.
कागदावर दाट, मधाळ रंगाचे तेल : गिअर बॉक्सकडील सील व प्लेट दोन्ही बदलावीत.
फक्त गरम झाल्यावर थरथर : फ्लायव्हील व प्रेशर प्लेटचे पृष्ठभाग तपासावेत.
फक्त सकाळी, दमट हवेत थरथर : काही दिवस निरीक्षण करावे.

प्रत्येक ट्रॅक्टरमालकाने एक लहान वही ठेवावी. तासमापकावरील आकडा, त्या दिवशीची मोकळी चाल, ग्रीस दिल्याची तारीख व बदललेले भाग यांची तीत नोंद करावी. मिस्त्रीकडे जाताना ही वही व रात्रभर ठेवलेला तो कागद सोबत न्यावा. रोग्याने आपली लक्षणे नीट सांगितली तर वैद्याचे काम सोपे होते; ट्रॅक्टरला बोलता येत नाही, म्हणून ते काम मालकाने करावयाचे असते. या परीक्षांसाठी वैशाखातील एक दिवस राखून ठेवणाऱ्या शेतकऱ्यावर मृगाच्या तोंडी ट्रॅक्टर उघडण्याची पाळी सहसा येणार नाही.